गोकाकचा गेंडा आणि रॉबर्ट ब्रूस फूट

(बी. कॉम. भाग दोन, मच्छे)

हत्ती आपल्या जिल्ह्याला नवा नाही. दांडेलीच्या रानातून हत्ती खानापूर तालुक्यात उतरले आणि भाताची किंवा उसाची शेते तुडवून गेले, अशी बातमी वर्षातून एकदा तरी आपण वाचतोच. पण गेंडा? गेंडा म्हटले की आपल्याला आसाम आठवतो, काझीरंगा आठवते, फार तर म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय आठवते. आपल्या गोकाक तालुक्यात, जिथे आपण धबधबा पाहायला आणि करदंट आणायला जातो, तिथे एके काळी गेंडे चरत होते असे कुणी सांगितले तर ऐकणारा हसेल. तरीही ही गोष्ट खरी आहे. १८७४ साली ती पुराव्यासह छापली गेली आहे आणि ती छापणाऱ्या माणसाचे नाव रॉबर्ट ब्रूस फूट असे होते.

भारताच्या प्रागितिहासाचा जनक म्हणून इतिहासाचे विद्यार्थी या माणसाला ओळखतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. जमा आणि खर्च, येणे आणि देणे यांच्यापलीकडे माझी फारशी धाव नाही. परंतु या माणसाचे चरित्र वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले की, हिशोब ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांना शिकायचे आहे त्यांनीही ते वाचावे. म्हणून हा लेखनप्रपंच.

फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी झाला. १८५८ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हे खाते तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होते. थॉमस ओल्डहॅम हे त्याचे प्रमुख होते आणि कलकत्त्याला त्याचे मुख्य कार्यालय होते. सरकारला या खात्याकडून हवा होता दगडी कोळसा, हवे होते लोखंड आणि सोने, बांधकामाचा दगड आणि रेल्वेच्या मार्गाखालची जमीन कशी आहे याची माहिती. शास्त्र हे त्या व्यवहारातून निघालेले व्याज होते, असे म्हटले तरी चालेल. तरुण फूट यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. पुढची तेहतीस वर्षे त्यांनी या खात्यात काढली आणि त्यांतील बहुतेक सारी दक्षिण भारतात, तंबूत आणि घोड्यावर.

मद्रासला त्यांनी पीटर पर्सिव्हल यांच्या मुलीशी विवाह केला. पर्सिव्हल हे तमिळ भाषेचे गाढे अभ्यासक होते. तमिळ म्हणींचा त्यांनी केलेला संग्रह प्रसिद्ध आहे. सासरे लोकांच्या तोंडच्या म्हणी वेचत होते आणि जावई जमिनीच्या पोटातले दगड वेचत होते. दोघांचाही धंदा एकच: जे साऱ्यांच्या पायांखाली किंवा ओठांवर असते आणि म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, ते उचलून नोंदवून ठेवणे.

आता थोडे मागे जाऊन हत्तीची गोष्ट सांगायला हवी, कारण फूट यांच्या कार्याचे मूळ एका अर्थाने हत्तीच्या हाडांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्यू फाल्कनर नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर सहारनपूरच्या सरकारी बागेचे अधीक्षक होते. गंगेचा कालवा काढणारे प्रोबी कॉटली हे त्यांचे मित्र. या दोघांनी शिवालिकच्या टेकड्यांतून प्राचीन प्राण्यांच्या अस्थींचे प्रचंड भांडार बाहेर काढले. नर्मदेच्या खोऱ्यातूनही त्यांच्याकडे अशा अस्थी आल्या. त्यांत एका अजस्र हत्तीच्या कवटीचे अवशेष आणि दाढा होत्या. आजच्या आपल्या हत्तीहून तो वेगळा होता. त्याचे सुळे पुष्कळसे सरळ होते आणि डोक्यावर पुढे आलेला कपाळाचा उंचवटा होता. नर्मदेवरून त्याला नाव मिळाले ते नामाडिकस. हे नाव देऊन पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. आजवर पृथ्वीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या जमिनीवरील सस्तन प्राण्यांत आज या हत्तीची गणना होते.

हे फाल्कनर पुढे युरोपात परतले. १८५८ साली ते फ्रान्समधील ॲबव्हिल या गावी थांबले. तिथे बुशे द पेर्थ नावाचे एक गृहस्थ अनेक वर्षांपासून सांगत होते की, सोम नदीच्या जुन्या खडीच्या थरांत आपल्याला माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडली आहेत आणि त्याच थरांत नष्ट झालेल्या हत्तींची हाडेही आहेत. याचा अर्थ त्या हत्तींच्या काळी माणूस होता. पंडित मंडळींचा त्यावर विश्वास बसत नव्हता. माणूस पृथ्वीवर येऊन काही हजार वर्षेच झाली, अशी तेव्हा समजूत होती. फाल्कनर यांनी तो संग्रह पाहिला आणि आपले मित्र प्रेस्टविच यांना तिथे जाण्याचा आग्रह धरला. १८५९ साली प्रेस्टविच आणि जॉन इव्हान्स तिथे गेले, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली आणि लंडनच्या विद्वत्सभांपुढे ती मांडली. माणसाचे वय एकदम लांबले.

ही बातमी मद्रासला पोहोचली तेव्हा फूट नवे नवे नोकरीत होते. युरोपातील नदीच्या खडीत अशी हत्यारे असतील तर भारतातील का नसावीत, हा साधा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. खडक तपासण्याचे सरकारी काम करता करता त्यांची नजर खाली लागून राहिली.

३० मे १८६३. मद्रासजवळच्या पल्लावरम छावणीच्या कवायतीच्या मैदानालगत मुरमाची एक खाण होती. तिच्यातून निघालेल्या खडीत फूट यांना एक दगड दिसला. दोन्ही अंगांनी चिपा काढून घडवलेला, हातात नीट बसणारा. ती दगडी हातकुऱ्हाड होती. त्या दिवशी फूट अठ्ठावीस वर्षांचे होते. भारतात अश्मयुगाच्या अभ्यासाचा प्रारंभ याच दिवशी झाला असे मानतात. त्यानंतर चार महिन्यांनी, २८ सप्टेंबर १८६३ रोजी, ते आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग मद्रासच्या वायव्येस अत्तिरमपक्कम येथील ओढ्याच्या काठी गेले. तिथे हत्यारे मोकळी पडलेली नव्हती. ती थरातच रुतलेली होती. मोकळ्या दगडाबद्दल शंका घेता येते. थरात बसलेल्या दगडाबद्दल घेता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर पल्लावरमला नुसती रक्कम सापडली होती, अत्तिरमपक्कमला तिचे व्हाउचर हाती आले.

मात्र एक अडचण होती. सोमच्या काठी हत्यारे आणि हत्तीची हाडे एकत्र होती, म्हणून काळ ठरवता आला. मद्रासच्या तांबड्या जांभ्याच्या थरांत हत्यारे होती, पण हाडे नव्हती. याचे कारण आपल्या बेळगावकरांना सहज समजण्यासारखे आहे. आमच्या मच्छे गावात घराचा पाया खणला की तांबडी माती आणि खाली जांभा लागतो. भरपूर पाऊस आणि पाण्याचा सहज निचरा यांमुळे अशा जमिनीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. हाड म्हणजे चुना आणि स्फुरद. आंबट ओल्या मातीत ते टिकत नाही, विरघळून जाते. जांभ्यात दगड राहतो, हाड राहत नाही. म्हणून या प्राण्यांचा शोध घ्यायचा तर वेगळ्या जमिनीकडे, कमी पावसाच्या आणि काळ्या चुनखडीयुक्त मातीच्या मुलखाकडे जायला हवे.

आणि फूट नेमके अशाच मुलखात आले.

१८७० च्या सुमाराची ही वर्षे. त्यांच्याकडे काम आले ते बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांचे व भोवतालच्या संस्थानांचे. तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांत या भागाला दक्षिण मराठा मुलूख म्हणत. बेळगावला तोवर रेल्वे आलेली नव्हती. हिवाळ्यात तंबू घेऊन निघायचे, ओढ्या-नाल्यांतून, डोंगराच्या कडांवरून पायी हिंडायचे, खडकाचा तुकडा फोडून पाहायचा, नकाशात रंग भरायचा आणि पावसाळ्यात कचेरीत बसून अहवाल लिहायचा, असा या खात्यातील लोकांचा वर्षाचा क्रम असे. बैलगाडीवाले, तंबू उभारणारे, वाट दाखवणारे गावकरी बरोबर असत. त्यांतील काही मराठी बोलत असतील, काही कानडी. त्यांची नावे इतिहासाने राखलेली नाहीत. पण ओढ्यात कुठे दरड कोसळली आहे आणि पुरानंतर कुठे काय उघडे पडले आहे, हे साहेबाच्या आधी गावच्या माणसाला ठाऊक असते, इतके आपण समजू शकतो.

आपला जिल्हा खडकांच्या दृष्टीने फार श्रीमंत आहे. पश्चिमेकडे लाव्हारसाचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या माथ्यावर जांभा. पूर्वेकडे गोकाकला आले की एकदम पालट होतो आणि लालसर, कठीण वालुकाश्म व गारेचा दगड लागतो. गोकाकचा धबधबा याच दगडाच्या कड्यावरून कोसळतो. शंभर कोटींहून अधिक वर्षांच्या या खडकमालिकेला फूट यांनी कलादगी हे नाव दिले. शास्त्रज्ञ आजही तेच नाव वापरतात. पुढे त्यांनी दक्षिणेतील सोन्याच्या खाणींशी निगडित असलेल्या आणखी कितीतरी जुन्या खडकांना धारवाड हे नाव दिले. धारवाड आणि कलादगी ही आपल्या शेजारची गावे आज जगाच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत, ती या माणसामुळे.

गोकाकजवळ चिकडौली नावाचे गाव आहे. त्या परिसरात ओढ्याच्या काठी, नदीनाल्यांनी फार पूर्वी आणून टाकलेल्या गाळाच्या थरात फूट यांना मोठ्या प्राण्यांच्या अस्थी सापडल्या. त्यांत गाय-बैलांच्या कुळातील प्राण्यांची हाडे होती आणि दाढा व जबड्याची हाडे होती ती गेंड्याची.

नदीच्या गाळात हाड टिकते तरी कसे? एखादे जनावर पाण्याच्या काठी मरते. कोल्ही-कुत्री, ऊन आणि पाऊस त्याची हाडे थोड्याच वर्षांत नाहीशी करतात. शेकडा नव्याण्णव जनावरांचे हेच होते. पण एखाद्या वर्षी मोठा पूर येतो आणि हाडांवर खडी, वाळू व चिखल यांचा थर चढतो. हवा तुटली की कुजणे मंदावते. कोरड्या हवामानाच्या मुलखात भूजलातला चुना हळूहळू गाळात साकळत जातो. शेतात आपल्याला चुनखडीचे खडे सापडतात ते याच प्रकाराने झालेले. तो चुना आणि इतर खनिजे हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतात आणि हाडाचा दगड होतो. पुढे हजारो वर्षांनी नदी आपलेच पात्र खोल खणत जाते, जुना गाळ काठावर उंच दरडीसारखा उभा राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात दरड ढासळून ते हाड पुन्हा उजेडात येते. पुरण्याचे काम नदी करते आणि उकरण्याचे कामही तीच करते. उघडे पडल्यापासून झिजून नाहीसे होईपर्यंतचा काळ थोडा असतो. तेवढ्यात जाणत्या डोळ्यांनी तिथे पोहोचले पाहिजे.

सर्वांत अधिक टिकतात त्या दाढा, कारण दातावरचे कवच शरीरात सर्वांत कठीण असते. आणि जाणकाराला दाढ पुरेशी असते. हत्तीची दाढ म्हणजे एकापाठोपाठ एक उभ्या लावलेल्या पट्ट्यांचा ठोकळा. जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात अशा सहा दाढा एकामागून एक येतात, मागून पुढे सरकत झिजतात आणि गळून पडतात. पट्ट्यांची संख्या, त्यांची जाडी आणि झीज यांवरून हत्ती कोणत्या जातीचा आणि साधारण किती वयाचा होता हे सांगता येते. गेंड्याच्या दाढेवरची नक्षी अगदी निराळी, आडव्या-उभ्या धारांची असते. चिकडौलीच्या दाढा हिंदुस्थानातील त्या वेळी माहीत असलेल्या गेंड्यांच्या दाढांशी फूट यांनी ताडून पाहिल्या. त्या कुणाशीच नीट जुळेनात. तेव्हा त्यांनी ही नवी जात मानली आणि तिला दख्खनचा गेंडा या अर्थाचे ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस असे नाव दिले. खात्याच्या पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका या ग्रंथमालेत १८७४ साली हे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे या जातीचे नाते कोणत्या गेंड्याशी लावायचे यावर चर्चा होत राहिली, पण बेळगाव जिल्ह्यात गेंडा होता ही नोंद कायम झाली.

या एका नोंदीचा अर्थ मोठा आहे. गेंड्याला उंच गवत लागते, दलदल लागते, बारमाही पाणी लागते. आज गोकाकचा भाग पर्जन्यछायेत आहे. खानापूरला धो धो पाऊस पडत असताना तिथे शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. त्या ठिकाणी गेंडा राहत होता याचा अर्थ घटप्रभेच्या काठी तेव्हा पाणथळी होत्या आणि गवताची राने होती. बेळगावच्या उत्तरेकडून कंग्राळी-कडोलीच्या बाजूने जाणारी आपली मार्कंडेय नदी गोकाकजवळ याच घटप्रभेला मिळते. म्हणजे आपल्याच पाण्यावर तो गेंडा जगत होता म्हणायचा.

त्याच सुमारास इतरत्रही पुरावे जमत होते. गोदावरीकाठी पैठणजवळ मुंगी येथे वाइन या खात्यातील गृहस्थांना १८६५ साली जुन्या खडीत अकीकाचे एक हत्यार मिळाले होते. १८७२ साली हॅकेट यांना नर्मदेच्या खोऱ्यात भुत्रा येथे, ज्या थरांत हत्ती आणि इतर प्राण्यांच्या अस्थी सापडतात त्याच थरात, दगडी हातकुऱ्हाड मिळाली. जे सोमच्या काठी दिसले तेच नर्मदेच्या काठी दिसले. भारतातही माणूस आणि ते अजस्र हत्ती एकाच काळी, एकाच नदीचे पाणी पीत होते. पुढे १९०५ साली पिल्ग्रिम यांनी गोदावरीच्या गाळात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरजवळ मिळालेल्या हत्तीच्या कवटीचे वर्णन छापले. तो हत्ती नर्मदेच्या हत्तीचाच भाऊबंद होता. ज्या नांदूर मध्यमेश्वरला आज लोक पक्षी पाहायला जातात आणि जे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले, तेच हे ठिकाण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना पुढे घोड आणि मांजरा या नद्यांच्या गाळातही प्राचीन प्राण्यांच्या अस्थी मिळाल्या. दख्खनच्या प्रत्येक मोठ्या नदीने आपली रोजकीर्द लिहून ठेवली होती. वाचणारा हवा होता.

फूट यांनी आपल्या भागाची ती वाचली. १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ खात्याने प्रसिद्ध केला. मलप्रभेच्या काठच्या खडीत त्यांना गारेच्या दगडाची हत्यारेही मिळाली होती. घटप्रभेकडे गेंडा आणि मलप्रभेकडे माणसाची हत्यारे, अशा दोन नोंदी एकाच जिल्ह्याच्या अंगणात त्यांनी करून ठेवल्या.

त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. बळ्ळारीच्या टेकड्यांवर त्यांनी नवाश्मयुगातील वसाहती आणि दगडी कुऱ्हाडी घडवण्याच्या जागा शोधल्या. बळ्ळारीला आज त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. १८८० नंतरच्या दशकात कर्नूल जिल्ह्यातील बिल्ला सुरगम येथील गुहा त्यांनी खणल्या आणि या कामात त्यांचा मुलगा हेन्री हाही होता. तिथे अनेक प्राण्यांच्या अस्थी निघाल्या.

१८९१ साली ते निवृत्त झाले. वय सत्तावन्नच्या घरात. मायदेशी जाऊन आराम करावा असे ते वय. पण ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. सयाजीराव महाराज गायकवाड आपल्या राज्याची सर्व बाजूंनी मोजदाद करून घेत होते आणि जमिनीखाली काय आहे हेही त्यांना हवे होते. बडोद्याच्या या कामात १८९३ साली साबरमतीच्या काठी फूट यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. गुजरातमधील हा पहिला शोध. त्यानंतर म्हैसूर संस्थानात १८९४ साली भूशास्त्र खाते सुरू झाले, त्याची घडी बसवण्याचे काम त्यांनी केले.

साबरमतीच्या काठी त्यांनी एक अनुमान काढले. जुनी हत्यारे तळाच्या खडीत आणि नवाश्मयुगाच्या वस्तू वरच्या थरांवर, मध्ये गाळाची प्रचंड जाडी. यावरून दोन युगांच्या मध्ये फार मोठा रिकामा काळ गेला आणि त्या काळात तिथे माणूस नव्हता, असे त्यांनी मानले. सुमारे पन्नास वर्षांनी, १९४१ साली, डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया हे पडताळण्यासाठी गुजरातेत गेले. बारीक गारगोटीची हत्यारे वापरणारे लोक मधल्या काळात तिथे होते असे दिसून आले आणि फूट यांचे हे अनुमान मागे पडले. मात्र त्यांनी दाखवलेल्या जागा बरोबर होत्या, थर बरोबर होते, मोजमापे उपयोगी होती. म्हणूनच दुसऱ्याला जाऊन पडताळा घेता आला. नोंद चोख असली की निष्कर्ष चुकला तरी हिशोब पुन्हा मांडता येतो. नोंदच नसेल तर चूकही सापडत नाही.

उतारवयात ते तमिळनाडूतील सेलमजवळच्या शेवरॉय डोंगरांत येरकाड येथे राहिले. तिथे त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या दगडी हत्यारांचा आणि मातीच्या भांड्यांचा संग्रह नीट लावला. हजारो वस्तू आणि साडेचारशेच्या आसपास ठिकाणे. १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने हा संग्रह विकत घेतला. फूट यांनी त्याची तपशीलवार सूची तयार केली. कोणती वस्तू, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गावाजवळ मिळाली, हे सारे तिच्यात आहे. लेखापरीक्षक मालसाठ्याची यादी तपासतो तेव्हा त्याला जे जे हवे असते ते ते त्या सूचीत आहे. ती छापून आलेली पाहण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्ता येथे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सूची १९१४ साली आणि तिच्यावरील टिपणांचा खंड १९१६ साली प्रसिद्ध झाला. येरकाडच्या चर्चमध्ये त्यांचे स्मारक आहे.

त्यांनी उघडलेले खाते त्यांच्या मृत्यूबरोबर बंद झाले नाही. डेक्कन कॉलेजचे डॉ. र. वि. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्याचा अभ्यास करून १९५५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. पप्पू यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा अभ्यास केला आणि घटप्रभेच्या काठी अनगवाडी येथे अश्मयुगीन स्थळ खणले. १९८२ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचेच अरुण सोनाकिया यांना नर्मदेच्या काठी हथनोरा येथे, प्राचीन प्राण्यांच्या अस्थी असलेल्या गाळथरात, खुद्द माणसाच्या कवटीचा भाग मिळाला. आणि अत्तिरमपक्कम, जिथे फूट आणि किंग १८६३ साली उभे होते, तिथली सर्वांत जुनी हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. तिथे प्राण्यांचे काही दातही मिळाले आहेत. तरुण फूट यांच्या मनातला आकडा याच्या कितीतरी खाली असणार.

फूट हे परक्या सरकारचे नोकर होते हे विसरून चालणार नाही. इथला माल कलकत्त्याला आणि मद्रासला गेला. इथे गोकाकला त्याची साधी पाटीही मी पाहिलेली नाही. तरीही माझ्या मते या व्यवहारात आपल्या बाजूलाही एक देणे शिल्लक आहे. त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओढ्याच्या काठावर जे वाचले ते आज आपण आपल्या डोळ्यांदेखत पुसत आहोत. नदीकाठची वाळू उपसली जाते, मुरूम भरून नेला जातो, विटांसाठी जुना गाळ खणला जातो, दरड यंत्राने सपाट होते. घर बांधायला वाळू आणि वीट लागते, यात कुणा एकाला दोष देण्याचे कारण नाही. आमच्या वाणिज्य शाखेत यंत्रावर घसारा आकारायला शिकवतात, कारण यंत्र झिजले तरी दुसरे आणता येते. नदीचा जुना थर एकदा ट्रॅक्टरमधून गेला की पुन्हा येत नाही. त्याची किंमत कुठल्याच पावतीत धरलेली नसते. ज्या खड्ड्यातून वाळू गेली त्या खड्ड्यातून हत्तीची दाढ गेली की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही.

आपण विद्यार्थी यात काय करू शकतो? फार थोडे, पण अगदीच काही नाही असेही नाही. आपल्यापैकी कितीतरी जण गोकाक, हुक्केरी, रायबाग, निपाणी या भागांतून इथे शिकायला येतात. सुट्टीत शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या दरडीत जड, दगडासारखे हाड दिसले तर ते ओढून काढू नये. जागा लक्षात ठेवावी, छायाचित्र घ्यावे, बाजूचा थर कसा आहे ते लिहावे आणि महाविद्यालयातील इतिहास किंवा भूगोलाच्या प्राध्यापकांना सांगावे. थरातून काढलेले हाड म्हणजे खतावणीतून फाडलेले पान. आकडा दिसतो, खाते कळत नाही.

शेवटी एक विचार मनात येतो. फूट यांनी ग्रंथाच्या नावात या भागाला मराठा मुलूख म्हटले आणि इथल्या खडकांना कलादगी आणि धारवाड ही कन्नड गावांची नावे दिली. दोन्ही नावे एकाच ग्रंथकाराच्या लेखणीतून आली आणि दोन्ही टिकली. आमच्या घरी मराठी बोलतात, दुकानात आणि कचेरीत मी कानडी बोलतो. हत्तीला आपण हत्ती म्हणतो, शेजारी आने म्हणतात. आपण ज्याला ओढा म्हणतो त्याला ते हळ्ळ म्हणतात. चिकडौलीच्या काठी गेंडा चरत होता तेव्हा यांतला एकही शब्द जन्मलेला नव्हता. तो गेंडा कोणाचा, हा वाद कुणाला घालताच येणार नाही. तो या जमिनीचा होता आणि ती जमीन दोघांच्याही सातबाऱ्यावर नि पहाणीपत्रकावर आहे. आपल्या या नियतकालिकाला मराठी विभाग आहे तसा कन्नड विभागही आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांचे हे चरित्र पुढच्या अंकात त्या विभागातही यावे, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे. लिहून द्यायला मी तयार आहे.